काटा की आकडा: जुन्या डायनामोच्या ट्रॅक्टरवर व्होल्टमीटर निवडताना

तक्रार दुहेरी होती, म्हणूनच ट्रॅक्टर आधी दोन ठिकाणी फिरून आला होता. सकाळी बॅटरी उतरलेली असायची, सेल्फ नुसता 'टक्' करून गप्प. आणि रात्री मोकळ्या रस्त्याला लागलं की हेडलाईटचे बल्ब उडायचे. एका मिस्त्रीनं चार्जिंग कमी आहे म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं जास्त आहे म्हणून. दोघांनीही मीटर लावूनच सांगितलं होतं. मधल्या मध्ये नवी बॅटरी घेऊन झाली होती आणि तीही तशीच वागू लागली होती.

गाडी निपाणी-चिकोडी पट्ट्यातली, केए २३ ची. तीन सिलिंडरचं जुनं इंजिन, त्यावर लुकास पद्धतीचा डायनामो (बॅटरी चार्ज करणारा, अल्टरनेटरच्या आधीच्या काळातला जनरेटर) आणि डॅशच्या आत दोन बॉबिनचा, म्हणजे दोन कॉइलचा, कटआउट. आपल्याकडे त्या सगळ्या डब्यालाच कटआउट म्हणतात. खरं तर त्यात एक बॉबिन कटआउटची, डायनामो बॅटरीला जोडणारी-तोडणारी, आणि दुसरी रेग्युलेटरची, व्होल्टेज आवरणारी. दूधगंगेकाठचा ऊस, गळीत सुरू झालेलं, मालक दोन ट्रॉल्या जोडून कधी इकडच्या तर कधी सीमेपलीकडच्या कारखान्याला जातो. कारखान्याच्या यार्डात रात्रभर नंबर लावून थांबायचं, दर थोड्या वेळानं सेल्फ मारून चार हात पुढं सरकायचं. वर साऊंड बॉक्स. ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर गाणी नसतील तर ड्रायव्हर मिळत नाही, हे या भागात वेगळं सांगायला नको.

माझ्याकडे आयटीआय झालेला एक पोरगा हाताखाली आहे. त्यानं आधीच निदान केलेलं: "मामा, रेग्युलेटर गेलाय. आकडा बघा की, कसा नाचालाय." त्याच्या हातात पिवळा डिजिटल मल्टिमीटर, बाजारात दोन-तीनशे रुपयांना मिळतो तो. ॲक्सिलरेटर अर्ध्यावर धरला की त्यावर १३.१, मग १७.८, मग १४.६ असं काहीही यायचं. यावरून रेग्युलेटर बाद ठरवणं चूक होतं. पण पोरगा आणि मीटर, दोघांनाही एकदम नावं ठेवण्यात अर्थ नव्हता. मीटर दाखवत होता ते खोटं नव्हतं. त्या जागी ते वाचण्याजोगं नव्हतं, इतकंच.

कारण साधं आहे. डायनामोचा करंट कार्बन (ब्रश) आणि ते ज्यावर घासतात तो फिरता कॉम्युटेटर यांच्यामधून ठिणग्या उडवत येतो. त्याच्या पुढे रेग्युलेटरचे पॉइंट सेकंदाला पन्नास-शंभर वेळा उघडझाप करत असतात; फिल्डमध्ये, म्हणजे डायनामोचं चुंबकत्व तयार करणाऱ्या कॉइलमध्ये, रेझिस्टन्स घालायचा, काढायचा, हेच त्यांचं काम. म्हणजे तिथलं व्होल्टेज सतत वर-खाली होत असतं. स्वस्त डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदा माप घेतो. ज्या क्षणी घेतलं त्या क्षणाचा तुकडा पडद्यावर. पुढच्या वेळी दुसराच तुकडा. काट्याच्या मीटरचं तसं नाही. काट्याला वजन आहे, स्प्रिंग आहे, तो इतक्या घाईनं हलूच शकत नाही, म्हणून आपोआप सरासरीवर थांबतो. या डायनामोंची जुनी सर्व्हिस पुस्तकं चांगल्या प्रतीचा, शून्य ते २० व्होल्टचा मूव्हिंग कॉइल (चुंबकात फिरणाऱ्या कॉइलवर काटा असलेला) मीटरच वापरा म्हणून सांगतात. त्या काळी डिजिटल नव्हते हे खरं, पण आज ते असतानाही तो सल्ला टिकून आहे, आणि तो केवळ सवयीनं टिकलेला नाही.

आधी डायनामो

बॅटरी तासभर तशीच ठेवून मापली तर १२.१ व्होल्ट. पूर्ण भरलेली असती तर १२.६ च्या वर दिसली असती, म्हणजे अर्धीच होती. ती चार्जरला लावली आणि तपासणीपुरती दुसरी खात्रीची बॅटरी जोडली. बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला होतं. हे बघूनच पुढं जावं. जुन्या इंग्लिश बनावटीच्या काही गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ असतं, म्हणजे बॉडीला पॉझिटिव्ह जोडलेलं असतं, तिथे काटा उलटा आपटतो.

डायनामोच्या मागं दोन टर्मिनल असतात, मोठं डी आणि लहान एफ. दोन्ही वायरी काढायच्या, डी आणि एफ एका तारेनं जोडायचे, त्या तारेला मीटरची लाल पिन आणि काळी डायनामोच्या अंगाला. मग इंजिन स्लोवरून हळूहळू वाढवायचं. रेग्युलेटर बाजूला काढल्यामुळं डायनामोला अडवणारं कुणी राहत नाही, म्हणून रेस मारायची नाही. काटा २० ला पोचायच्या आत थांबायचं. काटा काहीच हलला नाही तर कार्बन आणि त्यांच्या स्प्रिंगा बघायच्या. अर्धा-एक व्होल्टवर अडकला तर फिल्ड कॉइलवर संशय. चार-पाच व्होल्टवर अडकला तर आर्मेचरवर, म्हणजे आतल्या फिरत्या भागावर.

आमचा काटा एका दमात, कुठंही न अडखळता अठराच्या जवळ गेला. डायनामो चांगला.

त्याच वेळी पोरग्यानं आपला मल्टिमीटर शेजारी लावला होता. इंजिन वाढत असताना त्यावर आकडे भराभर बदलत होते, पण ते चढतायत म्हणून बदलतायत की उडतायत म्हणून बदलतायत, हे बघून कळत नव्हतं. इथं मोजायचा असतो तो आकडा नसतोच. व्होल्टेज कसं चढतं ते बघायचं असतं, आणि ती चाल काट्यावर दिसते. महागड्या डिजिटल मीटरवर आकड्याखाली रेघांची पट्टी असते, ती आकड्यापेक्षा कितीतरी लवकर हलते. तसला मीटर असेल तर काम भागतं. पिवळ्यावर ती नसते.

मग कटआउट, आणि काळी पिन

डी आणि एफ परत जागच्या जागी जोडले. कटआउटवरच्या ए (बॅटरीकडची) आणि ए-वन (दिवे वगैरे लोडकडची) या वायरी काढून एकमेकींना जोडून ठेवल्या, म्हणजे बॅटरी बाहेर आणि रेग्युलेटर एकटा. आता डायनामोचं डी आणि बॉडी यांच्यात मीटर. इंजिन वाढवलं. काटा चढला, किंचित थरथरला आणि १७.२ वर येऊन बसला.

२० अंश तापमानाला या जातीच्या रेग्युलेटरचं बॅटरीविना सेटिंग १६.० ते १६.६ व्होल्ट असायला हवं. थंडीत जरा वर, उन्हाळ्यात जरा खाली. हा आकडा नव्या पोरांना पटत नाही. त्यांच्या डोक्यात अल्टरनेटरचा १४.२ पक्का बसलेला असतो. मग कुणीतरी बॅटरी काढलेल्या अवस्थेतच स्क्रू ढिला करून काटा चौदावर आणतो, आणि 'आता बरोबर केलं' म्हणून गाडी सोडून देतो. त्यानंतर ती बॅटरी कधीही पूर्ण भरत नाही. बॅटरी आणि लोड जोडल्यावर हा रेग्युलेटर स्वतःच खाली येतो, त्याची बांधणीच तशी आहे. सेटिंगचं आणखी एक पथ्य: तीसेक सेकंदांत आटपायचं. त्यापुढं बॉबिन तापते आणि माप सरकतं. आकडा थांबायची वाट बघत बसलात तर तेवढ्यात वेळ गेलेली असते.

तर १७.२. पोरगा स्क्रूड्रायव्हर घेऊन तयार. त्याला थांबवलं आणि काळी पिन बॉडीवरून काढून कटआउटच्या ई, म्हणजे अर्थच्या, टर्मिनलवर धरायला सांगितली. इंजिन त्याच स्पीडला. काटा १६.४.

मीटर तोच, डायनामो तोच, फक्त काळ्या पिनेची जागा बदलली आणि आठ दशांश व्होल्ट गायब झाले. म्हणजे ते ई आणि बॉडीच्या मध्ये कुठंतरी खर्च होत होते. रेग्युलेटर आपल्या हिशेबानं बरोबर १६.४ वर थांबत होता. त्याला त्याची अर्थच वर उचललेली मिळत होती, म्हणून बाकीच्या गाडीच्या दृष्टीनं तो १७.२ वर थांबत होता.

इथून पुढं काट्याचं काम संपलं. शून्य ते २० च्या काट्यावर पाऊण व्होल्ट म्हणजे डावीकडच्या कोपऱ्यातली जेमतेम हालचाल. तिथं पिवळा मल्टिमीटर कामाला आला. २ व्होल्टच्या रेंजवर ठेवून एक पिन ई वर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नव्हे, थेट शिशाच्या खांबावर. आकडा ०.८१, आणि आता तो नाचत नव्हता. या वायरीतून जातो तो फक्त बॉबिनांचा थोडासा, सलग करंट. पॉइंटची उघडझाप इथं फारशी पोचत नाही. इंजिन चालू असतानाच हे माप घ्यावं लागतं. बंद गाडीत बॉबिनांतून करंट नाही, म्हणून फरकही नाही, आणि माणूस 'अर्थ ओके' म्हणून मोकळा होतो. मल्टिमीटरच्या बीपरवर वायर तपासणारे नेमके इथंच फसतात. बीपरला एखाददुसरा ओहम दिसतच नाही.

डॅशच्या पत्र्यामागं हात घातला तर ई ची वायर एका बोल्टवर. साऊंड बॉक्सचा ॲम्प्लिफायर बसवणाऱ्यानं त्याच बोल्टवर आपली अर्थ घेतली होती आणि तसं करताना ई चा थिंबल (वायरीच्या टोकाचं कडं) मूळ जागेवरून सरकून रंगाच्या थरावर बसवला होता. वर गंज. ॲम्प्लिफायरचा थिंबल चकचकीत, खालचा काळा. दोन्ही सोडवले, पत्रा कानशीनं घासून पांढरा केला, दात्याचा वॉशर घातला, ॲम्प्लिफायरला वेगळा बोल्ट दिला, आणि ई पासून थेट इंजिन ब्लॉकपर्यंत जाडशी जादा वायर ओढली. परत माप: ०.०३. काळी पिन बॉडीवर असो की ई वर, काटा १६.४.

दोन्ही तक्रारी एकाच बोल्टच्या होत्या. ई उचललं गेलं की रेग्युलेटर उशिरा थांबतो, म्हणून रस्त्यावर स्पीडला व्होल्टेज चढतं आणि बल्ब जातात. आणि त्याच कारणानं कटआउटही उशिरा बसतो, म्हणजे डायनामो बॅटरीला उशिरा जोडतो. त्यानं १२.७ ते १३.३ च्या दरम्यान बसायला हवं, तो साडेतेराच्या वर जाऊन बसत होता. यार्डात कमी आर.पी.एम.वर तो बसतच नव्हता, आणि बॅटरी नुसती देत राहायची. स्लोवर चार्जिंगचा लाल दिवा लागणं डायनामोच्या गाडीत चालतं. इथं तो अर्ध्या ॲक्सिलरेटरपर्यंत विझत नव्हता. मालकानं हे सांगितलं होतं. आधीच्या कुणी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. चार्जिंग कमी म्हणणाऱ्यानं स्लोवर मापलं होतं, जास्त म्हणणाऱ्यानं रेस देऊन. आपापल्या जागी दोघेही बरोबर.

मग घ्यायचा कुठला

पोरग्याला स्वतःचा मीटर घ्यायचा होता, आणि बेळगावात दुकानदारानं त्याच्या गळ्यात 'ट्रू आरएमएस' लिहिलेला भारी मीटर मारायची तयारी केली होती. डी.सी. व्होल्टेज मापायला त्या ट्रू आरएमएसचा काही उपयोग नाही, ते ए.सी.साठी. पैसे असतील तर घ्यावा, पण या कामासाठी म्हणून नको.

मी त्याला आधी काट्याचा घ्यायला लावला. पॅनलवर बसवायचा मूव्हिंग कॉइल, डी.सी., शून्य ते २०. पॅनल मीटरच्या तबकडीवर खाली बारीक खुणा असतात, त्या वाचायला शिकलं पाहिजे. नालाच्या आकाराच्या चुंबकाची खूण असेल तर मूव्हिंग कॉइल. मूव्हिंग आयर्नची खूण वेगळी असते. तो मीटर बहुतेक ए.सी.साठी वापरतात, त्याच्या स्केलच्या खुणा खालच्या भागात गर्दी करतात आणि इथं तो निरुपयोगी. या खुणेच्या शेजारी १.५ सारखा आकडा असतो, तो अचूकतेचा वर्ग. भारतीय मानक आयएस १२४८ मध्ये हे वर्ग दिलेले आहेत. गोम अशी की ही टक्केवारी पूर्ण स्केलची असते. वर्ग १.५ आणि स्केल २० असेल तर चूक कुठंही ०.३ व्होल्टपर्यंत. तोच वर्ग ३० च्या स्केलवर ०.४५. आणि कुणी हौसेनं शून्य ते ३०० चा आणला तर साडेचार व्होल्ट, म्हणजे त्यावर उतरलेली आणि भरलेली बॅटरी सारखीच. तेव्हा स्केल कामापुरतं, त्याहून मोठं नाही. मात्र २४ व्होल्टच्या गाड्या येत असतील तर दुसरा मीटर वेगळा ठेवावा, एकच मोठा घेऊ नये.

असा मीटर नुसता घेऊन चालत नाही. लाकडी खोक्यात बसवायचा, लांब वायरी, क्रोकोडाईल क्लिपा, आणि वायरीत एक अँपिअरचा फ्यूज. तबकडीवर उभ्याची खूण असेल तर उभाच धरायचा. आडवा ठेवला तर काटा थोडा सरकतो. इंजिन चालू असताना बॉनेटवर ठेवायचा नाही, थरथरीनं पिव्हट खराब होतो. दर वेळी पुढच्या बारक्या स्क्रूनं शून्य जुळवायचं. आणि साऊंड बॉक्सवर तर अजिबात टेकवायचा नाही, स्पीकरच्या चुंबकाजवळ काटा खोटं बोलायला लागतो. मोटवाने कंपनीचा जुना काट्याचा मल्टिमीटर कुणाच्या कपाटात पडलेला असेल आणि कॉइल शाबूत असेल तर तोही सोनं. त्याच्या तबकडीला आरसा असतो. काटा आणि त्याचं आरशातलं प्रतिबिंब एकावर एक आलं की मगच वाचायचं.

डिजिटल लागतोच, कारण अर्थचा आणि वायरींचा ड्रॉप, म्हणजे वाटेत खर्च होणारं व्होल्टेज, काट्यावर नीट पकडता येत नाही. पिवळ्या मीटरवरही २ व्होल्ट आणि २० व्होल्टच्या रेंज असतात आणि ड्रॉप मापायला तो पुरतो. त्याचे तीन अवगुण मात्र माहीत हवेत. आतली ९ व्होल्टची बॅटरी उतरू लागली की तो सगळं जास्त दाखवतो, आणि १४.२ ला १५ म्हणाला की आपण रेग्युलेटरच्या मागं लागतो. म्हणून महिन्याला एकदा ओळखीच्या चांगल्या मीटरशी ताडून बघावं. दुसरं, लाल पिन १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि तशीच बॅटरीला लावली तर मध्ये बहुतेक वेळा फ्यूजसुद्धा नसतो. वायर हातात जळते. तिसरं सगळ्यात वाईट. आपल्याकडचा ट्रॅक्टरवाला मिस्त्री उद्या विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर बघायलाही जातो. तिथं तीन फेज, ४१५ व्होल्ट. पिवळा मीटर तिथं नेऊ नये. ज्याला दोन्ही कामं करायची त्यानं डिजिटल घेताना कॅट थ्री ६०० व्होल्ट (हा सुरक्षिततेचा वर्ग) लिहिलेला, आणि आत खरोखरचे फ्यूज असलेला घ्यावा. ट्रॅक्टरला त्याची गरज नाही, मिस्त्रीला आहे.

दोन वायरींचा लाल आकड्यांचा एलईडी व्होल्टमीटर डॅशवर लावायची फॅशन आली आहे. ड्रायव्हरला अंदाजाला बरा. त्यावरून निदान करू नये. ज्या वायरीवर तो बसवलाय तिथला ड्रॉप त्याच्या आकड्यात आधीच शिरलेला असतो.

पोरग्यानं शेवटी शून्य ते २० चा पॅनल मीटर आणि मधल्या किमतीचा डिजिटल, असे दोन घेतले. पिवळा फेकला नाही, ड्रॉपपुरता ठेवला.

गाडीचं म्हणाल तर बल्ब उडायचे थांबले. यार्डातली रड मात्र पूर्ण गेली नाही, आणि ती मीटरनं जाणारही नव्हती. ट्रॅक्टरवरचा हा चहूबाजूंनी बंदिस्त डायनामो जेमतेम अकरा अँपिअर देतो. ३५ वॅटचे दोन हेडलाईट आणि मागचा एक फोकस मिळून नऊ अँपिअर तिथंच गेले, वर ॲम्प्लिफायर. मालकाला हिशेब कागदावर मांडून दाखवला. "अण्णा, गाणी की सेल्फ, एक काय ते ठरवा," म्हटलं. ते म्हणाले, "गळीत संपू दे, अल्टरनेटर घालूया."

त्या वेळी काट्याचा मीटर चालेल, डिजिटलही चालेल. अल्टरनेटरचं व्होल्टेज बरंच सपाट असतं. फक्त डायोड तपासताना बॅटरीवर ए.सी. रेंज लावायची असते, आणि अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त ए.सी. दिसला तर डायोडवर संशय घ्यायचा. हे माप पिवळ्या मीटरवर घेऊ नये. त्याची ए.सी. रेंज डी.सी.ला अडवत नाही, त्यामुळं धडधाकट बॅटरीवरही तो एका बाजूनं अठ्ठावीस-तीसच्या आसपास दाखवतो आणि पिना उलटवल्या की शून्य. नव्या डिजिटलवर पोरग्यानं हे दुकानातच, काउंटरवरच्या बॅटरीवर दोन्ही बाजूंनी लावून बघितलं होतं. दोन्हीकडे जवळपास शून्य आलं, मगच पैसे दिले.